वारसाने आलेली जुनी पिस्तुले: कोणते काडतूस चालेल, कोणते अजिबात नाही

माचीवरचा_वाडा

आपल्याकडे सातारा-सांगलीच्या जुन्या वाड्यांत वाटणी होते किंवा परवाना वारसाच्या नावावर करायची वेळ येते, तेव्हा कपाटातून साधारण तीन प्रकारची हत्यारे बाहेर निघतात.

१. वेब्ली अँड स्कॉटचे .३२ चे खिशातले स्वयंचलित पिस्तूल.
२. चाप दुमडून ठेवता येणारे, बेल्जियन बनावटीचे लहान रिव्हॉल्व्हर. नळीवर किंवा सांगाड्यावर .३२० असा आकडा.
३. टोपीवर उडणारे ठासणीचे पिस्तूल. बहुतेक वेळा गज हरवलेला असतो.

मग कोणीतरी म्हणतेच, "दुकानातून .३२ ची काडतुसे आणा, बसली तर बार काढून बघू." बसले म्हणजे चालले, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. जुन्या हत्याराला योग्य काडतूस कसे ठरवायचे, काय तपासायचे आणि कुठे थांबायचे, यावर जाणकारांनी सविस्तर लिहावे. हत्यार परवान्यावर आहे आणि गोळीबार अधिकृत रेंजवरच होणार, हे गृहीत धरू.

रंजकदाणी

चांगला धागा. सुरुवात .३२ या आकड्यापासूनच करू, कारण आपल्याकडे सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे.

".३२" हे एका काडतुसाचे नाव नाही. निदान चार वेगळी काडतुसे या नावाने ओळखली जातात.

.३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तूल) हे स्वयंचलित पिस्तुलाचे काडतूस. पुंगळी, म्हणजे काडतुसाचे पितळी नळकांडे, साधारण १७.३ मिमी लांब, कडा अर्धवट बाहेर आलेली. अमेरिकन मानकाप्रमाणे कमाल दाब २०,५०० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पौंड).

.३२ एस अँड डब्ल्यू (स्मिथ अँड वेसन) लाँग हे रिव्हॉल्व्हरचे. पुंगळी साधारण २३.४ मिमी, कडा ठळक, कमाल दाब १५,००० पीएसआय. कानपूरच्या .३२ रिव्हॉल्व्हरमध्ये हेच चालते.

.३२ एस अँड डब्ल्यू, म्हणजे आखूड. हे १८७८ चे, मूळ काळ्या दारूचे. पुंगळी साधारण १५.४ मिमी.

आणि .३२० रिव्हॉल्व्हर हे जुने युरोपीय काडतूस. याची पुंगळी वरच्या तिघांपेक्षा बारीक असते.

आता खरी गोम. .३२ एसीपीच्या पुंगळीचा बुडाकडचा व्यास आणि .३२ लाँगचा व्यास जवळजवळ सारखाच आहे. त्यामुळे एसीपीचे काडतूस .३२ च्या कित्येक रिव्हॉल्व्हरमध्ये आत सरकते, अर्धवट कड्यावर टेकते आणि घोडा पडला की उडतेही. म्हणजे बऱ्याच कमी दाबासाठी बनवलेल्या सिलिंडरमध्ये २०,५०० चा दाब. नवे, चांगल्या पोलादाचे रिव्हॉल्व्हर एखादे वेळी सोसेल. शंभर वर्षांपूर्वीचे, मऊ लोखंडाचे सिलिंडर सोसेलच असे नाही. सिलिंडर फाटते तेव्हा वरची पट्टी उचलून येते, आणि तुकडे शेजारी उभ्या असलेल्या माणसाकडे जातात.

म्हणून पहिला नियम असा: परवान्यावर नुसते ".३२" लिहिले असले तरी दुकानात हत्याराचा प्रकार सांगा, आणि पुंगळीच्या बुडावरचा शिक्का वाचूनच डबी घ्या. खडकीच्या कारखान्याच्या मालावर "केएफ" असते, पण ते बनवणाऱ्याचे चिन्ह झाले. काडतुसाचे पूर्ण नाव वेगळे वाचायचे.

मिरजेची_तार

साताऱ्याचा कंदी पेढा आणि सांगलीचे भडंग दोन्ही खाऊच, पण म्हणून कोणी एका डब्यात भरत नाही. .३२ चे तसेच आहे. :)

कृष्णाकाठ

रंजकदाणींनी दाबाचे आकडे दिले, मी दारूबद्दल लिहितो. जुन्या हत्याराचा अर्धा प्रश्न दारूचाच असतो.

काळी दारू आणि धूररहित दारू हे दोन वेगळे पदार्थ आहेत. धूररहित दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी तयार केली. त्याआधीची सगळी हत्यारे काळ्या दारूसाठीच होती, आणि नंतरही बरीच वर्षे तशीच बनत राहिली. काळ्या दारूचा दाब तुलनेने कमी असतो आणि ती पुंगळी पूर्ण भरते. धूररहित दारू थोड्या जागेत मावते, आणि दाब वाढला की ती आणखी वेगाने जळते. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा. गोळी थोडी जास्त घट्ट बसली किंवा चेंबर (काडतूस बसते ती पोकळी) थोडे अरुंद असले, तर धूररहित दारूचा दाब एकदम चढतो.

त्यामुळे तुमच्या हत्याराच्या साली कारखान्याने धूररहित दारूची हमी दिली होती का, हे बघावे लागते. कोल्टच्या १८७३ च्या सिंगल ॲक्शन आर्मीचे उदाहरण प्रसिद्ध आहे. दिसायला सगळी एकसारखी, पण कारखान्याने धूररहित दारूची हमी १९०० पासून दिली, साधारण १,९२,००० या क्रमांकापासून पुढे. त्याआधीच्या हत्यारात आजचे काडतूस आरामात बसते, आणि चूक होते ती तिथेच. आयव्हर जॉन्सनच्या मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरमध्ये ही सीमारेषा १९०९ ची. त्यानंतरच्यांत गुंडाळी स्प्रिंगा आहेत, आधीच्यांत पट्टीच्या.

साल कळत नसेल तर चाचणीचे शिक्के वाचा. बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ पासूनचे आहे. १९०४ च्या नियमांनंतर तिथे मुकुटाखाली "बीपी" म्हणजे ठरावीक चाचणी, "बीव्ही" म्हणजे पाहणी आणि "एनपी" म्हणजे धूररहित दारूची चाचणी, असे शिक्के मारत. पुढच्या काळातल्या हत्यारांवर "बीएनपी" दिसतो. जर्मन हत्यारावर मुकुटाखाली "एन" असेल तर तीही धूररहितची खूण. बेल्जियममध्ये लंबगोलात "ईएलजी" असते. ते फक्त लीजच्या चाचणीगृहातून हत्यार गेल्याचे सांगते. धूररहितसाठी सिंह आणि त्याखाली "पीव्ही" लागतो. "ईएलजी" आहे पण "पीव्ही" नाही, असे असेल तर ते हत्यार काळ्या दारूचे समजा.

आणि शिक्का असला तरी तो त्या दिवशीच्या हत्याराचा असतो. नंतरचा गंज, पडझड आणि गल्लीतली दुरुस्ती त्यात मोजलेली नसते.

तासगावकर

एक साधा प्रश्न. काळी दारूच हवी असेल तर आमच्याकडे कवठे एकंदला दसऱ्याच्या दारूकामाची इतकी मोठी परंपरा आहे. ठासणीच्या पिस्तुलात तीच दारू चालणार नाही का?

रंजकदाणी

तासगावकर, नाही. कारण नीट सांगतो, कारण हा प्रश्न पुष्कळांच्या मनात असतो.

शोभेच्या दारूत नळीसाठीची दाणेदार काळी दारू नसते. ती बहुधा पिठासारखी बारीक असते, आणि रंगासाठी वा आवाजासाठी तिच्यात धातूची भुकटी, क्लोरेट असे घटक असू शकतात. क्लोरेट असलेले मिश्रण घर्षणाने आणि ठासण्याने पेटू शकते. आपण गज घेऊन नेमके ठासणारच असतो. आवाजी मिश्रणाचा दाब तर नळीला ढकलण्याऐवजी फोडायला निघतो. बंदुकीची काळी दारू ठरावीक आकाराच्या दाण्यांत येते, कारण जळण्याचा वेग दाण्याच्या पृष्ठभागावर ठरतो. पिस्तुलासाठी बारीक दाणा, रंजकासाठी, म्हणजे बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूसाठी, त्याहून बारीक. दारूकामाची कला थोर आहे, पण तिचा माल नळीत जाता कामा नये.

शिवाय काळी दारू बाळगायलाही विस्फोटक नियमांखाली परवानगी लागते. पिशवीत बांधून आणण्यातली ही वस्तू नाही.

घोडा_चाप

मला वाटते तुम्ही सगळे जरा जास्तच घाबरवताय. जुन्या हत्यारासाठी काडतूस उघडून निम्मी दारू काढून घेतली की झाले. दाब निम्मा.

कृष्णाकाठ

घोडा_चाप, हे लिहिलेत ते बरे झाले, कारण हा "उपाय" खूप जण सांगतात. पण दारू निम्मी केली म्हणून दाब निम्मा होतो, असे सरळ गणित नाही. अगदी थोडी दारू मोठ्या पुंगळीत मोकळी लोळत राहिली तर पेटणे दर वेळी वेगळे होते. एक गोळी जोरात जाते, दुसरी नळीतच अडकते. अडकलेल्या गोळीमागे पुढची गोळी उडाली की नळी फुगते किंवा फाटते. उलट बाजूही आहे. काळ्या दारूसाठीच्या ऐसपैस पुंगळीत धूररहित दारू चुकून दोनदा पडली तरी नजरेला कळत नाही, कारण पुंगळी भरलेली दिसतच नाही.

आणि गोळीचा वेग कमी म्हणजे दाब कमी, असेही नसते. जलद जळणारी दारू कमी वेगातही टोकाचा दाब मोठा देते.

बारावा_कायदा

त्यात कायद्याचाही भाग आहे. काडतूस घरी भरणे किंवा उघडून बदलणे म्हणजे दारूगोळा तयार करणे. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे त्याला स्वतंत्र परवाना लागतो. आपला हत्यार बाळगण्याचा परवाना ते करू देत नाही.

धागा इथे आहेच, तर बाकीचे मुद्देही मांडतो.

"जुने आहे म्हणून परवाना नको" हे चूक आहे. सूट आहे ती कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडकळीला आलेल्या अशा हत्याराला, जे दुरुस्ती करून किंवा न करता, कसेही बंदूक म्हणून वापरता येणार नाही. नळी मोकळी आणि घोडा पडतो असे ठासणीचे पिस्तूल त्या सुटीत बसत नाही.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त दोन बंदुका. वारसाने आलेलीही त्यातच मोजतात. २०१६ च्या नियमांत वारसाला परवाना देण्याची तरतूद आहे. परवानाधारकाच्या मृत्यूनंतर ती लागू होते. तो हयात असतानाही, त्याचे वय ७० झाले किंवा हत्यार २५ वर्षे त्याच्याकडे असले, यांतले जे आधी घडेल तेव्हा मागणी करता येते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे जातो.

९ मिमी, .४५५ आणि .३०३ ही प्रतिबंधित बोअर (नळीची मापे) आहेत. साध्या परवान्यावर ती येत नाहीत. त्यामुळे पेटीत जुने सैनिकी वेब्ली .४५५ निघाले, तर "काडतूस कोणते" हा प्रश्न पुढचा. आधी पोलीस ठाणे गाठा.

वरातीत किंवा मिरवणुकीत हवेत बार काढणे हा आता स्वतंत्र गुन्हा आहे: दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

वाईचा_घाट

कायदा झाला, दारू झाली. आता हातात हत्यार घेऊन काय तपासायचे ते लिहितो. एकही काडतूस खोलीत नको. हत्यार रिकामे आहे हे दोनदा, एकदा डोळ्याने आणि एकदा बोटाने, बघायचे.

रिव्हॉल्व्हर. घोडा मागे ओढा, बोटाने धरून ठेवत चाप दाबा आणि घोडा सावकाश खाली आणा. चाप दाबलेलाच ठेवून सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हालचाल ठीक, पण खुळखुळत असेल तर थांबा. मग नळीपेक्षा जेमतेम बारीक पितळी सळई तोंडाकडून आत सोडा. ती प्रत्येक चेंबरमध्ये कड न लागता उतरली पाहिजे. एका चेंबरला जरी अडली, तरी गोळी नळीत शिरताना तिरकी कापली जाणार आणि शिसे बाजूने उडणार. नळी आणि सिलिंडर यांतली फट गॅरेजमधल्या फीलर गेजने मोजता येते. ०.१० ते ०.२५ मिमी असेल तर ठीक. मधून मोडणाऱ्या रिव्हॉल्व्हरची कडी लावून नळी हातात धरून हलवा. बिजागरीत डुगडुगत असेल तर ते भिंतीवरच राहू दे.

नळी. खिडकीकडे धरून आतून बघा. नळीत कुठे काळसर कडे दिसले, बांगडीसारखे, तर तिथे नळी पूर्वी फुगलेली आहे. बाहेरून बोट फिरवले की उंचवटा लागतो.

व्यास. तेल लावलेली मऊ शिशाची गोळी लाकडी किंवा पितळी सळईने नळीतून ढकलून बाहेर काढा आणि मायक्रोमीटरने मोजा. .३२ एस अँड डब्ल्यू लाँगच्या नळीत साधारण ०.३१२ ते ०.३१३ इंच येते. बेल्जियन नळीत बराच वेगळा आकडा आला तर आश्चर्य नको. कोरलेल्या आकड्यावर तिथे फार भिस्त नसते.

चेंबर. यासाठी सेरोसेफ नावाचा मिश्रधातू वापरतात. तो ७० ते ८८ अंशांत वितळतो, म्हणजे गरम पाण्याच्या भांड्यातच काम होते. ओतल्यावर थिजला की काढायचा. पहिल्या अर्ध्या तासात तो थोडा आकसतो आणि मग फुगतो. साधारण तासाभराने चेंबरच्या मूळ मापाला येतो, तेव्हा मोजायचे. घाईने मोजलेत तर माप चुकणार. हे काम परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्यावे. मोजमाप त्याच्याकडून लेखी घ्या.

स्वयंचलित पिस्तूल. चाप दाबून धरा, स्लाइड मागे ओढून सोडा. घोडा पडता कामा नये. चाप सोडल्यावर टिक असा आवाज यावा, आणि पुन्हा दाबल्यावरच घोडा पडावा. असे होत नसेल तर एका दाबात दोन गोळ्या सुटण्याचा धोका आहे.

हळदीची_पेठ

वाईकर, हे छापून ठेवतोय. एक विचारू? बार काढल्यावर पुंगळी बघून दाब जास्त झाला का ते कळते म्हणतात. पुंगळीच्या बुडातली, ठिणगी देणारी टोपी चपटी झाली की दाब जास्त. मग एक काडतूस उडवून बघणे सोपे नाही का?

वाईचा_घाट

ती खूण आधुनिक हत्यारांसाठी आहे. टोपी चपटी व्हायला जो दाब लागतो, त्याच्या बराच आधी काळ्या दारूच्या काळातले सिलिंडर फाटू शकते. जुन्या हत्यारात पुंगळी "छान" दिसली याचा अर्थ काहीच निघत नाही. उलट पुंगळी बुडाजवळ फुगली, उभी चिरली, चेंबरमधून ओढून काढावी लागली किंवा टोपी मागे सरकली, तर तिथेच थांबा. मग पुढची गोळी नको.

घोडा_चाप

मान्य. निम्म्या दारूचा मुद्दा मागे घेतो. पण मग .३२० च्या बेल्जियन रिव्हॉल्व्हरला काडतूस आणायचे कुठून? .३२ लाँग त्यात जातच नाही. एका कारागिराने चेंबर रीमरने (भोक रुंद करायच्या अवजाराने) थोडे मोठे करून देतो असे सांगितल्याचे ऐकले.

रंजकदाणी

तो कारागीर टाळा. .३२० च्या चेंबरची भिंत मुळातच पातळ आहे. रीमर फिरवला की ती आणखी पातळ होते, आणि मग तिच्यात १५,००० पीएसआयचे काडतूस जाते. दोन्ही बाजूंनी चूक. हत्याराचे ऐतिहासिक मोल जाते ते वेगळेच. .३२० चे काडतूस आपल्याकडे बाजारात नाही, आणि त्याला सुरक्षित पर्यायही नाही. त्या रिव्हॉल्व्हरपुरते उत्तर इथेच संपते.

औंधचा_वाटसरू

मी तर म्हणतो, कोणतेच उडवू नका. औंधच्या श्रीभवानी संग्रहालयात किंवा साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात गेलात की लक्षात येते, वस्तू टिकते ती तिच्यावर प्रयोग न केल्यामुळे. शंभर वर्षांचे हत्यार उडवून त्याचा काय उपयोग? सोन्याची सुरी झाली म्हणून ती कोणी पोटात खुपसून घेत नाही.

कृष्णाकाठ

औंधकर, तुमच्याशी निम्मा सहमत. काळ्या दारूच्या रिव्हॉल्व्हरबद्दल पूर्ण सहमत. पण वेब्ली अँड स्कॉटसारखी पिस्तुले मुळात धूररहित दारूच्या काडतुसासाठीच आखली आहेत. काडतूसही आज बनते. परवाना आहे, तपासणी झाली आहे, तर वर्षातून थोड्या गोळ्या उडवण्याने ते पिस्तूल खराब होत नाही. माझ्या मते न वापरता तेलात बुडवून ठेवल्याने जास्त होते, कारण तेल घट्ट होऊन घोड्याची सुई अडकते. पुढे अडकलेली सुई फार वाईट. स्लाइड बंद होताक्षणी गोळी सुटू शकते.

औंधचा_वाटसरू

सुईचे पटले. पण आधी संपूर्ण खोलून साफ करा, मग बोलू.

नीरा_देवघर

पिनफायर कोणी पाहिली आहे का? काडतुसाच्या बाजूने बारीक खिळा बाहेर येतो आणि सिलिंडरला प्रत्येक चेंबरपाशी खाच असते.

रंजकदाणी

हो, लेफोशे पद्धत. संग्रहांत पुष्कळ असतात, ७, ९, १२ मिमी. यांची काडतुसे बाजारात नाहीत. पेटीत जुनी काडतुसे सापडली तर फार जपून. तो खिळा थेट टोपीवर टेकलेला असतो. काडतूस जमिनीवर पडले आणि खिळा दाबला गेला तरी उडू शकते. डबीत खुळखुळत ठेवू नका. एकेक वेगळे, कापडात, खिळ्यावर भार येणार नाही असे ठेवा आणि जमा करा.

नावांवरून होणारे आणखी गोंधळ इथेच लिहितो. ".३८०" म्हणजे तीन वेगळी काडतुसे: जुने .३८० रिव्हॉल्व्हर, ब्रिटिश सैनिकी .३८०, आणि स्वयंचलित पिस्तुलाचे .३८० एसीपी. तसेच .३८ एस अँड डब्ल्यू आणि .३८ स्पेशल. पहिल्याचा कमाल दाब १४,५०० आणि दुसऱ्याचा १७,००० पीएसआय, आणि पुंगळी दोघांची वेगळी. जुने चेंबर कोणी स्पेशलसाठी खोल केले असेल तर पुंगळी आत सैल बसते आणि फुगते किंवा चिरते. मॉझर सी ९६ मध्ये ७.६३ चे काडतूस, त्यात ७.६२ टोकारेव्ह जवळजवळ तसेच बसते, पण ते जास्त जोरात भरलेले असते. आणि वेब्ली .४५५ पैकी काही परदेशात .४५ एसीपीसाठी सिलिंडर तासून विकली गेली. .४५ एसीपीचा २१,००० पीएसआय हा दाब त्या हत्याराच्या मूळ चाचणीच्या दाबापेक्षाही जास्त आहे.

पूररेषा

सांगलीकरांसाठी एक वेगळा मुद्दा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात कित्येक घरांत कपाटापर्यंत पाणी गेले. पाण्यात बुडालेली काडतुसे वाळवून ठेवलेली असतील तर ती वापरू नका, वरून कितीही चकाकली तरी. टोपीच्या कडेने किंवा गोळीच्या मानेतून ओल आत जाते. मग काय होते? एक तर उडत नाही, नाही तर उशिरा उडते, नाही तर इतके अशक्त उडते की गोळी नळीतच राहते. तिन्हींत शेवटचे सर्वांत वाईट, कारण "फुस्स" आवाज आला की माणूस सवयीने पुढची गोळी चालवतो.

न उडालेले काडतूस असेल तर नळी लक्ष्याकडेच धरून निदान ३० सेकंद थांबा, मगच उघडा. "फुस्स" झाले तर हत्यार रिकामे करून नळीतून प्रकाश दिसतो का बघा. दिसला नाही तर त्या दिवसापुरते ते हत्यार बंद.

कृष्णाकाठ

पूररेषा, त्याला जोडून साठवणुकीचे. जुन्या पितळी पुंगळीच्या मानेवर केसासारख्या उभ्या चिरा दिसतात. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या लष्करी काडतुसांना हे पावसाळ्यात व्हायचे. घोड्यांच्या पागेजवळ ठेवलेल्या काडतुसांना जास्त. पितळात घडवताना राहिलेला ताण आणि हवेतला अमोनिया यांनी पितळ चिरते, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी १९२१ मध्ये दाखवले. आपल्या वाड्यांत गोठ्याला लागून असलेल्या खोलीत पेटी ठेवायची पद्धत आहे. जनावरांच्या मुतातला अमोनिया तिथेही असतोच. चिरलेल्या पुंगळीतून गरम वायू मागे चेहऱ्याकडे येतो.

पत्र्याखालचा उन्हाळाही वाईट. धूररहित दारूतला स्थिरता टिकवणारा घटक उष्णतेने संपत जातो. मग दारू आंबट वासाची होते आणि पुंगळी आतून हिरवी पडते. अशी डबी जमा करायची. भंगारात नाही, चुलीत नाही, कृष्णेतही नाही. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे.

हळदीची_पेठ

आणि गंज? साफ करताना नुसते तेल पुरते का?

वाईचा_घाट

जुन्या काडतुसांच्या टोप्यांत पोटॅशियम क्लोरेट असायचे. जळल्यावर त्याचे मीठ नळीत राहते आणि हवेतला ओलावा ओढते. महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात एका रात्रीत नळी लालसर होईल. हे मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळते. म्हणून आधी गरम पाणी, मग कोरडे फडके, मग तेल. काळ्या दारूच्या राखेलाही हाच क्रम.

माचीवरचा_वाडा

सर्वांचे मनापासून आभार. मूळ तीन हत्यारांकडे परत येतो. शिक्के भिंगाने बघून लिहितो. पिस्तुलावर मुकुटाखाली "एनपी" स्पष्ट आहे. बेल्जियन रिव्हॉल्व्हरवर लंबगोलात "ईएलजी" आहे, सिंह किंवा "पीव्ही" कुठेच नाही. आता वेब्ली पिस्तुलाला नेमके काय आणावे?

रंजकदाणी

बेल्जियनचा निकाल लागला, ते उडवायचे नाही.

वेब्लीसाठी: .३२ एसीपी, ७१ ग्रेन वजनाची, पूर्ण आवरण असलेली, गोल टोकाची गोळी. पोकळ टोकाची नको. ती लांबीला आखूड पडते, मग मॅगझिनमध्ये वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या मागे अडकते आणि पिस्तूल गच्च बसते. भरतानाही वरच्याची कडा खालच्याच्या पुढे आहे ना, बघत जा. "जास्त जोराची" अशी जाहिरात असलेली डबी नको. युरोपीय मानकात याच काडतुसाला १६० मेगापास्कल म्हणजे साधारण २३,२०० पीएसआयपर्यंत मुभा आहे, अमेरिकन मानकापेक्षा जास्त. जुन्या पिस्तुलाला सौम्य बाजूचा माल चांगला. वर्षानुवर्षे पडून राहिलेली डबी नको, नवी घ्या.

काडतुसाआधी स्प्रिंग बघा. या पिस्तुलाची माघारी ढकलणारी स्प्रिंग दस्त्याच्या पट्टीखाली व्ही आकारात असते. ती थकली किंवा कोणी मऊ तुकडा घालून ठेवला असेल तर स्लाइड सांगाड्यावर आदळते आणि कालांतराने तडा जातो. काडतूस बरोबर असूनही.

पहिल्यांदा मॅगझिनमध्ये एकच काडतूस. मग दोन. दोन्ही वेळा एका दाबाला एकच गोळी सुटली तरच पुढे. चश्मा आणि कानावर संरक्षण हवेच. शेजारी कोणी उभे नको.

माचीवरचा_वाडा

लक्षात आले. राहिले ठासणीचे. ते उडवायचे नाहीच, फक्त स्वच्छ करून कपाटात लावायचे आहे. टोपीच्या जागी गंज आहे, केरोसीनने घासून घ्यावे म्हणतो.

वाईचा_घाट

थांबा, घासण्याआधी एक करा. घोड्याला हात लावू नका. एक लाकडी काठी नळीच्या तोंडातून आत अडेपर्यंत सोडा, तोंडापाशी खूण करा. मग तीच काठी नळीच्या बाहेरून टोपीच्या बुडापर्यंत धरून मोजा. दोन्ही मापे सारखी हवीत.

माचीवरचा_वाडा

बाहेरून १९ सेंमी. आतून १५.५.

वाईचा_घाट

मग साडेतीन सेंटीमीटर काहीतरी आत आहे. घाण असू शकते, पण ती जागा दारू, गोळी आणि वरचा बोळा यांच्या मापाची आहे. भरलेले समजूनच वागा. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेटते.

घासू नका, तापवू नका, ड्रिल लावू नका, गोळी बाहेर ओढायचा प्रयत्नही घरी करू नका. नळी भिंतीकडे, बाहेरच्या बाजूला तोंड करून एका ठिकाणी ठेवा. खोलीला कुलूप, किल्ली स्वतःकडे. मुलांना त्या बाजूला जाऊ देऊ नका. उद्या सकाळी पोलीस ठाण्यात फोन करून "भरलेले असण्याची शक्यता आहे" हेच शब्द वापरा. गाडीत घालून स्वतः नेऊ नका, त्यांनाच घरी बोलवा.

माचीवरचा_वाडा

ठेवले. कुलूप लावले. फोन आत्ताच करतो, सकाळची वाट बघत नाही.